झडप न पडलेला कॉल

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या गमतीजमती लिहून पाठवा, असं संपादकांचं पत्र आलं. छत्तीस वर्षं मी लोकांना लोकांशी जोडून दिलं, तेव्हा गमती असणारच. त्यातली शेवटची गंमत आधी सांगते. माझ्या निरोप समारंभात एका धाकट्या सहकाऱ्याने माझी नक्कल केली. कानाला हात लावला, मान तिरकी केली आणि रिकाम्या भिंतीकडे बघून म्हणाला, “बोला, ऐकतेय. नंबर?” सगळे खो खो हसले. मीही हसले. ऑफिसात मला साळवेबाई कमी आणि बोलाबाईच जास्त म्हणत. बाहेर कुणी कुणाला हाक मारली, खिडकी करकरली, की माझ्या तोंडून निघायचं, “बोला, नंबर?” लोकांना वाटायचं, बाईंच्या अंगात नोकरी भिनली आहे. मी तसं वाटू दिलं. आता पंचाहत्तरी उलटली, भाऊही गेला, नोकरीवरून काढायला कुणी उरलेलं नाही. म्हणून त्या नकलेमागची गोष्ट लिहिते. ती गमतीची नाही, त्याला माझा इलाज नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. कोपरगावच्या अलीकडे म्हणा, पलीकडे म्हणा, कालव्यावरचं गाव. पोस्टाच्या मागच्या खोलीत आमचं एक्स्चेंज होतं. हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं की तेव्हा फोनला आकडे नसायचे, बाजूला एक हँडल असायचं. ते गरागरा फिरवलं की आमच्या बोर्डावर त्या नंबरची पितळी झडप टक्‌कन खाली पडायची. नखाएवढी झडप. ती पडली की आम्ही त्या नंबरच्या भोकात प्लग घालायचा, “नंबर?” म्हणून विचारायचं, आणि जोडीची दुसरी दोरी हव्या त्या नंबरला लावायची. बोलणं संपलं की गिऱ्हाइकाने पुन्हा हँडल मारायचं. मग दोऱ्यांच्या वरची दुसरी एक झडप पडायची. ती पडली, म्हणजे दोऱ्या काढा. पण लोक हँडल मारायला विसरत. म्हणून अधूनमधून कळ दाबून आम्ही लाइनीवर कान देत असू आणि “संपलं का?” असं विचारत असू. विचारल्याशिवाय दोरी काढायची नाही, हा नियम होता. या नियमाकडे जरा लक्ष ठेवा.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका बागायतदाराला वाटायचं, मुंबई लांब आहे तर आवाजही तेवढाच मोठा लागणार. त्यांचा ट्रंक कॉल लागला की मी हेडफोन कानावरून उचलून डोक्यावर ठेवायची, तरी सगळं ऐकू यायचं. नऊ नंबरला एक निवृत्त मामलेदार होते. रोज सकाळी सात वाजता हँडल मारायचे आणि विचारायचे, “बाई, लाइन चालू आहे ना?” मी म्हणायची, “चालू आहे, साहेब.” “बरं,” म्हणून ठेवून द्यायचे. त्यांची बायको गेल्यापासून हे सुरू झालं होतं. मी कधी “आज कुठे लावू?” असं विचारलं नाही.

मी लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, ते लवकर गेले; मी भाऊ-वहिनीकडे राहायची. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका दुपारी बोर्डासमोर बसले असताना मागे एक पुरुष म्हणाला, “आता ही पाच नंबरला लावणार.” मी लावलं. एक बाई म्हणाली, “लावलं बघ.” वळून पाहिलं तर खोलीत कुणी नाही. मला वाटलं, लाइनीवर दुसऱ्याचं बोलणं घुसलं असेल, तसं व्हायचं. मी हेडफोन काढला. तो पुरुष म्हणाला, “काढला.”

त्या दिवसापासून ती दोघं माझ्याबरोबर राहायला आली. नवरा-बायकोच म्हणा. मी जेवायला बसले की ती दोघं माझे घास मोजायची. केस विंचरले की बाई म्हणायची, कुणासाठी एवढं? पुढे तिसरी आली. ती लांबून, विहिरीतून बोलावं तशी हाक मारायची, “बाई, ऐकता का?” दिवसभर शंभर लोक मला बाईच म्हणत, त्यामुळे ही तर अगदी खरीच वाटायची. मी “बोला” म्हटलं की तिघंही हसायची.

चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, देव कुणाकुणाशी बोलतो. मी म्हटलं, साहेब, देव माझ्या पोलक्याच्या बाहीबद्दल बोलेल का? शेजारची मथुराकाकू मायेची. ती मला शिंगणापूरला घेऊन गेली. ख्रिस्ती मुलगी शनीला कशी, असं भाऊ म्हणाला, पण अडवलं नाही त्याने; अडल्यावर कोण विचार करतं. घरांना दारं नसलेलं ते गाव पाहून सगळ्यांना नवल वाटतं. मला भीती वाटली. या तिघांना बाहेर ठेवायला निदान एक दार तरी असावं, असं वाटत होतं. शेवटी भावाने पुण्याला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. भावाने ते कागदावर लिहून घेतलं आणि पाकिटात ठेवलं. तो कागद माझ्या हाती तीन महिन्यांनी आला.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी मान आखडायची, जीभ कोरडी पडायची, प्लग धरलेला हात थरथरायचा. तिघांचे आवाज मात्र खाली आले, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडासारखे. डॉक्टरांनी एक सांगून ठेवलं होतं: आवाजांना उत्तर देऊ नका, उत्तर दिलं की ते बळावतात. नोकरी सोडावी, असंही त्यांचं मत होतं. ज्याचा कान बिघडला त्याने टेलिफोनवर बसायचं म्हणजे काय? पण नोकरी सुटली असती तर मला घराच्या मागच्या खोलीत दिवस काढावे लागले असते. भाऊ वाईट नव्हता, पण त्याने त्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली होती. मी ती पाहिली होती. ऑफिसात कावीळ झाली होती असं सांगून मी पुन्हा कामावर रुजू झाले.

माझं खरं एका माणसाला कळलं. शब्बीरभाई आमचा लाइनमन. पन्नाशीचा, खांबावर चढताना गुडघे वाजायचे. एकदा एकही झडप पडलेली नसताना मी “बोला, बोला” म्हणत चार भोकांत प्लग घालून पाहत होते, ते त्याने दारातून पाहिलं. दुसरा कुणी असता तर पोस्टमास्तरांकडे गेला असता. तो स्टूल ओढून बसला आणि मी रडत सगळं सांगितलं. बराच वेळ तो तंबाखू मळत राहिला.

मग म्हणाला, “बाई, लाइनीवर दुसऱ्याचं बोलनं घुसतं का न्हाई? ते आपल्यासाठी नसतं, आपन सोडून देतो. ह्ये बी तसंच धरा. माझा शब्द लक्षात ठेवा. झडप पडली तर मानूस. न्हाई पडली तर मानूस न्हाई.”

पुण्याच्या डॉक्टरांनी इंग्रजीत जे दिलं नाही ते मला या वाक्याने दिलं. मी वर बघायची. झडप खाली, म्हणजे माणूस, बोला. झडप वर, म्हणजे आमचं बिऱ्हाड, गप्प. घरीसुद्धा कुणी हाक मारली की मी आधी त्याचे ओठ हलताहेत का ते पाहायची, ओठ म्हणजे माणसाची झडप. अडीच वर्षं मी अशी काढली. बोर्डावर माझ्याइतका सावध हात कुणाचा नाही, असं वरून आलेले साहेब म्हणून गेले. मला स्वतःचा अभिमान वाटायचा, कशाला खोटं सांगू?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कालव्याची भेगाळलेली जमीन वाऱ्याबरोबर उडून गावात येत होती. कपात, कपाटात, केसात धूळ. आम्ही बोर्डावर ओला फडका घालून ठेवायचो, तरी पितळ संध्याकाळपर्यंत करडं व्हायचं. गावोगावी विहिरी खोल करायचं काम चाललं होतं, दुपारभर सुरुंगांचे आवाज. त्या दिवसांत तिघांनाही जोर आला होता. प्रत्येक बार उडाला की पुरुष म्हणायचा, “आणखी एक.”

एप्रिलमधली दुपार. बावीस नंबर हा सात मैलांवरच्या एका वाडीच्या शाळेतला फोन. तिथल्या मास्तरांनी तहसील कचेरीशी टँकरबद्दल बोलणं केलं. बोलणं संपलं असावं, पण झडप पडली नाही. दहा मिनिटांनी मी नियमाप्रमाणे कळ दाबून कान दिला.

“बाई,” आवाज आला. “बाई, ऐकता का वो? बाई…”

लांबून, विहिरीतून यावा तसा. मी वर पाहिलं. झडप जागच्या जागी. आज ती थेट लाइनीतच शिरली, असं मला वाटलं. इतके दिवस ती खोलीत असायची. “संपलं का?” असं विचारायला हवं होतं. पण झडप पडलेली नसताना बोलणं म्हणजे तिला उत्तर देणं. मी ओठ घट्ट मिटले. झडप नाही, माणूस नाही. मी दोन्ही दोऱ्या ओढून काढल्या. आवाज बंद झाला आणि मला बरं वाटलं. हे लिहायला हवं: मला बरं वाटलं. आज आपण जिंकलो, असं वाटून मी माठातलं पाणी प्याले.

पाव तासाने बावीसची झडप पडली. मी प्लग घातला. मास्तर धापा टाकत होते. सरकारी दवाखान्याला लावा, जीप पाठवायला सांगा, विहिरीत माणूस उडालाय, असं ते म्हणाले. मी लावत होते आणि मास्तरांच्या मागे कुणीतरी रडत बोलत होतं, “म्या कवाची हाका मारतीया, बाई बोलतच न्हाई.” तोच आवाज.

जीप गेली. तो माणूस जिवंत दवाखान्यात पोचला नाही. येताना नदीच्या पात्रात, वाळूत, गेला.

काय झालं होतं ते नंतर जुळत गेलं. विहिरीतला एक सुरुंग उडाला नव्हता. तो का उडाला नाही हे पाहायला तो गडी खाली उतरला, आणि सुरुंग तेव्हा उडाला. वर माती ओढणारी त्याची बायको शाळेकडे धावली. मास्तरांनी हँडल मारलं, रिसीव्हर तिच्या हातात दिला, बाई बोलतील त्यांना दवाखाना मागा, म्हणाले, आणि बाज आणि माणसं गोळा करायला विहिरीकडे पळाले. आधीच्या बोलण्याच्या दोऱ्या अजून लावलेल्याच होत्या, म्हणून त्या हँडलने दोऱ्यांवरची झडप पडायला हवी होती. ती पडली नाही. आणि त्या बाईने जन्मात कधी फोन धरला नव्हता. मी दोरी काढल्यावर लाइन मुकी झाली हे तिला कळलं नाही. हँडल पुन्हा मारायचं असतं हेही माहीत नव्हतं. मास्तर परत येईपर्यंत पाव तास ती मेलेल्या फोनमध्ये मला हाका मारत होती.

शब्बीरभाईने दुसऱ्या दिवशी बोर्ड उघडला. झडपेच्या बिजागरीत धुळीची बारीक पुटं बसली होती, चिमटीत येतील एवढी. त्याने फुंकर मारली आणि झडप टक्‌कन पडली. मी त्याला सगळं सांगितलं. हे फॉल्ट बुकात लिहा, मी विचारलं नाही हे लिहा, म्हटलं. त्याने बुक पुढे ओढलं आणि लिहिलं: झडप अडकली होती, साफ केली. पेन खिशाला लावलं.

“खरं लिव्हलं तर तुमाला कडीच्या खोलीत टाकतील,” तो म्हणाला. “त्यानं त्यो मानूस उठनार हाय का? आन्‌ चूक माजीबी हाय. झडप कदी अडकत न्हाई, आसं मीच तुमाला सांगितल्यावानी झालं.”

मी ऐकलं त्याचं. कडीला भ्याले. दवाखान्यातले डॉक्टर कुणाला तरी म्हणाले होते की रक्त फार गेलं होतं, पाव तासाने काय होणार. किंवा झालंही असतं, असंही म्हणाले होते म्हणतात. माझ्या कानावर दोन्ही आलं. मी पहिलं धरून ठेवायचा खूप प्रयत्न केला.

दिवाळीच्या पुढेमागे ती बाई पोस्टात आली. मनिऑर्डरीच्या रांगेत नव्हती, शिपायाला विचारत विचारत आमच्या खोलीच्या दारात उभी राहिली. तिशीची असेल. कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. तिचं नाव कौसाबाई. दार ओलांडायच्या आधी तिने चपला काढल्या. मला वाटलं, हिला कळलं. मी उठून उभी राहिले.

तिला कळलं नव्हतं. बाजाराला आली होती, तर त्या दिवशीचं यंत्र कसं असतं ते बघावं, एवढंच तिच्या मनात होतं. मी बोर्ड दाखवला. बावीसचं भोक दाखवलं. तिने त्याला बोट लावलं. मग म्हणाली की, वाडीतल्या बाया तिला बोलतात, तुला फोनवर बोलता आलं न्हाई, नवरा गमावला. तिला स्वतःलाही तसंच वाटतं.

“मास्तरांनी मला पाठ करून दिलं हुतं,” ती म्हणाली. “बाई बोलल्या की आदी म्हनायचं, बावीस नंबर, मंग दवाखाना मागायचा. म्या तयार हुते. तुमी नंबर इचाराल म्हनून थांबले हुते. कुनी इचारलंच न्हाई. माजंच चुकलं आसंल न्हाई का, बाई? आदीच म्हनायला पायजे हुतं?”

तेव्हा मी सांगायला हवं होतं. ती सात मैल चालून, स्वतःचा दोष पाठीवर घेऊन माझ्या दारात आली होती, आणि तो उतरवायला माझं एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, “तुमचं काही चुकलं नाही. यंत्रात धूळ होती.” ती म्हणाली, “व्हय, मास्तर बी तसंच म्हनले.” तिचा विश्वास बसला नाही हे मला दिसत होतं. मी तिला चहा दिला. जाताना तिने पिशवीतून चार शेंगा काढून बोर्डाजवळ ठेवल्या. त्या मी खाल्ल्या नाहीत, टाकल्याही नाहीत. वर्षभर ड्रॉवरमध्ये होत्या, मग त्यांना कीड लागली.

त्यानंतर मी नियम बदलला. झडप पडो न पडो, ओठ हलोत न हलोत, हाक आली की उत्तर द्यायचं. डॉक्टरांनी नको सांगितलं होतं ते बरोबरच होतं. तिघं बळावली. पुढच्याच पावसाळ्यात मला पुन्हा पुण्याला न्यावं लागलं, पुन्हा कावीळ झाली. परत आल्यावर मी उत्तरापुढे एक प्रश्न जोडला. तो कौसाबाईनेच दिलेला होता. “बोला, ऐकतेय. नंबर?” आणि मग गंमत कळली. त्या नवरा-बायकोला माझ्याबद्दल सगळं माहीत असायचं, मी काय खाल्लं, काय लपवलं, कशाला भ्याले. पण नंबर विचारला की दोघं गप्प. नसलेल्या माणसाला नंबर नसतो. खरा माणूस मात्र काहीतरी सांगतोच, नंबर, गाव, नाहीतर “काय चेष्टा करता का बाई?” एवढं तरी.

पुढची तीस वर्षं मी यावर काढली. बोर्ड गेला, आपोआप चालणारी एक्स्चेंजं आली, मी ट्रंकवर, मग चौकशीवर बसले. गोळ्या बदलल्या, बऱ्या आल्या. शब्बीरभाई निवृत्त झाला, एका रमजानमध्ये गेला. त्याच्या घरी सांत्वनाला गेले तर त्याच्या बायकोने विचारलं, तुम्ही त्या बोलाबाईच ना? त्याने तिलाही काही सांगितलेलं नव्हतं. कौसाबाईच्या वाडीला मी एकदा गेले होते, खरं सांगायचंच असं ठरवून. ती ऊसतोडीला कुठे लांब गेली होती. पुन्हा जाते म्हटलं. गेले नाही.

आता म्हातारपणी नवरा-बायको जवळजवळ निघून गेली आहेत. वर्षातून एखाद्या वेळी घास मोजतात. तिसरी राहिली आहे. बहुतेक दुपारीच येते, ऊन तापलं की. ती त्या एप्रिलनंतर बदलली. आधी ती कोण होती मला माहीत नाही, आता तिचा आवाज कुणाचा आहे ते मला माहीत आहे.

“बाई, ऐकता का वो?”

मी हातातलं काम ठेवते. “बोला, ऐकतेय. नंबर?”

“बावीस,” ती म्हणते.